बाबांचा उजवा खांदा

...आणि वर बाबा मलाच म्हणतात, "राखणीला बसवला नि राखणदारच घोरला!" थांबा, आधी माफी मागतो. सातवीत शाळा सोडली, हे लिहून आणलंय त्यात ऱ्हस्व-दीर्घाची बोंब आहे, शब्दही साधेच, सांभाळून घ्या. पण तुम्हाला सांगतो, माझं एकच काम होतं... बाबांना बसवून ठेवायचं!

बाबा सुतार, मी त्यांच्या हाताखाली. मानेत गाठी आल्या, लिम्फोमा निघाला, म्हणजे कॅन्सरच हो. औषधाच्या दोन फेऱ्या झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "उद्या स्कॅन. शिरेतून खास साखर सोडायची. आजार जिवंत असेल तर ती खाणार आणि चित्रात चमकणार. चमकला तर औषध वाढवू, नाही चमकला तर फुप्फुसांना त्रास देणारं ते जड औषध बंद. पण आज मेहनत नको! राबलेला स्नायूही साखर खातो, मग चित्रात गोंधळ."

झालं! ज्या माणसानं मला चालायच्या आधी खिळे वेचायला लावले, त्याला मी बसवणार? करवत लपवली, रंधा माळ्यावर टाकला, दाराशी ठाण मांडलं.

"अरे, पाणी तरी पिऊ देशील?"

"प्या."

"माठापर्यंत जाताना पाय वापरले तर चालतील का साहेब?"

आणि दुपारी मला डुलकी लागली. ती एवढी लांबली का? अहो, मी एवढासा होतो, आई नव्हती, बाबा मला भुशाच्या पोत्यावर निजवायचे आणि फळी तासायचे... सर्र... सर्र... मी गाढ! पाळणा नाही, अंगाई नाही, नुसता रंधा! डुलकीतच तो आवाज कानी आला आणि कित्येक वर्षांनी तशी गोड झोप लागली बघा. जागा होऊन बघतो तर लपवलेली करवत बाहेर, माळ्यावरचा रंधा खाली, पायाशी छिलक्यांचा ढीग, आणि मधोमध नवं कोरं स्टूल!

"बाबा!"

"ओरडू नकोस. जिन्यात दम लागतो, तिथं बसायला केलंय. उद्या काही वाईट सांगितलं, तर हात चालायचा नाही माझा."

माझं एकच काम होतं...

स्कॅन झाला. डॉक्टरबाई चित्राकडे बघतायत. "मान... अंधार. छाती... अंधार. पण हा उजवा खांदा दिवा लावल्यासारखा! काल काय केलंत?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं, तेही उजव्या हाताचं! "याला विचारा. राखणीला हा होता."

बाई हसल्या. "गाठी विझल्यात. हा नुसता राबलेला खांदा. जड औषध बंद."

मला रडूच फुटलं. बाबा म्हणाले, "रडतोस काय? स्टुलाचा एक पाय डुगडुगतोय, तो बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच रंधा हातात घेतला, बाबांना स्टुलावर बसवलं आणि फळी तासायला घेतली.

"मनगट सैल सोड रे... दाबू नकोस... सरळ..."

सर्र... सर्र... वळून बघतो तर बाबा भिंतीला टेकून घोरतायत! माझं एकच काम होतं, बसवून ठेवायचं. बसवलं एकदाचं! आता फळीचं दुसरं टोक कोण धरणार, ते तुम्हीच सांगा.