बटणची वाटी

सासरे : त्याचं अंथरूण राहिलं. ते वेगळं बांधतो.

सून : बाबा, त्या पिशवीत तुमचे कपडे का भरताय?

सासरे : बटण एकटा राहत नाही कुठे. तुझी नणंद संध्याकाळी गाडी आणतेच आहे, तर दोघंही जातो तिच्याकडे.

सून : मी ताईंना फक्त कुत्र्याला न्या म्हटलं होतं. तुम्हाला नाही.

सासरे : माहितीय गं. रागावलो नाहीये मी. पण वीतभर कुत्रं ते...

सून : वीतभर कुत्र्यालाही दात असतात. काल ठकी रांगत त्याच्या वाटीपाशी गेली आणि तो गुरगुरला. ओठ वर करून! मी झडप घालून तिला उचललं, नाहीतर तिची बोटं वाटीतच होती.

सासरे : चावला नाही.

सून : तेवढ्यावर मी निर्धास्त राहू?

सासरे : नको राहूस. आई आहेस तू. पण जाण्याआधी त्याला जेवू तरी घाल. तुझ्याच हातची सवय आहे त्याला.

सून : घालते. ठकी आत झोपलीय, दार लावलंय. बटण, बस. बस म्हटलं ना? हं, शहाणा. खा आता.

सासरे : अरे, किती गिळतोय! चावतसुद्धा नाही. कुणी मागे लागलंय का तुझ्या? ...आणि तू काय करतेयस? वाटी का उचललीस?

(बटण गुरगुरतो.)

सून : बघितलंत? हेच ते!

सासरे : ते दिसलं. वाटी का उचललीस, ते विचारतोय.

सून : शिस्त म्हणून. निम्मं खाऊन झालं की उचलायची, जरा थांबवायचं, मग परत द्यायची. मोबाईलवर एका व्हिडिओत सांगितलंय, म्हणजे कुत्र्याला कळतं, घरात मोठं कोण.

सासरे : रोज करतेस हे?

सून : दोन्ही वेळा. ठकी रांगायला लागल्यापासून. तिच्यासाठीच तर सुरू केलं.

सासरे : रोज माझं ताट असं उचललंस तर मीही गुरगुरेन.

सून : तुम्ही ताट न उचलताही गुरगुरता, बाबा. ...थांबा. म्हणजे ठकी जवळ आली तेव्हा त्याला वाटलं, ही पण वाटी न्यायला आली?

सासरे : मला तरी तसंच दिसतंय. मी कधी तू भरवताना इथे थांबलोच नाही. आणि मी तरी कुठला धुतल्या तांदळाचा? टेबलाखालून त्याला तुकडे टाकतो.

सून : ते ठाऊक आहे. तुमच्या खुर्चीखाली मला कधी फरशी पुसावीच लागत नाही.

सासरे : अगं, बोलत काय बसलीस, वाटी ठेव आधी खाली. जीव टांगणीला लागलाय त्याचा.

सून : ठेवली. ओट्यावरचं ते उकडलेलं चिकन द्या इकडे. काढून बघितलं, आता घालून बघू.

सासरे : त्याच्यावर वाकू नकोस. जाता जाता टाक, लांबून.

सून : हं. कान मागे गेले त्याचे...

सासरे : जाऊ देत. आणखी एक टाक.

सून : बाबा, शेपूट बघा!

सासरे : बघतोय. आता तर खायचं सोडून तुझ्याकडेच तोंड करून बसलाय लबाड. अगं, रडतेस कशाला?

सून : रडत नाहीये. जीव भांड्यात पडला. कालपासून वाटत होतं, लेकराच्या जिवावर उठलेलं जनावर घरात पाळलंय मी.

सासरे : म्हणजे राहू दे त्याला?

सून : राहू दे. पण एवढ्यावर माझं समाधान होत नाही हं. यापुढे तो दार लावून मागच्या खोलीत जेवेल. तो जेवताना ठकी तिकडे नाही म्हणजे नाही. माझी उचलाउचल बंद, आणि टेबलाखालून तुमचं...

सासरे : काहीच नाही?

सून : बाबा.

सासरे : बरं बाई.

सून : मी ताईंना फोन करते. तुम्ही ते कपडे परत कपाटात लावा बघू.

सासरे : लावतो. आधी जरा जेवायला वाढतेस?

सून : आत्ता? दुपारी तर भूक नाही म्हणालात.

सासरे : कालही नव्हती. आता लागलीय.