मधाची टूथपेस्ट

सून : त्या बरण्यांना हात लावू नका, बाबा. आज एकही बाहेर जाणार नाही.

सासरे : अगं, बालवाडीच्या बाई येतीलच आता न्यायला! शब्द दिलाय मी. सगळ्या पोरांसाठी मागितलीय त्यांनी माझी टूथपेस्ट.

सून : म्हणूनच म्हणतेय. दाताच्या डॉक्टरांकडूनच येतेय छकुलीला घेऊन. पुढचे चारही दात किडलेत. एक काढावा लागणार.

सासरे : अरे देवा! चार वर्षांची पोर ती... तरी मी सांगत होतो, तुझा नवरा चॉकलेटं आणतो म्हणून.

सून : उगाच त्यांच्यावर ढकलू नका. चॉकलेट घरात येतच नाही, तुम्हीच बंद केलंत. डॉक्टरांनी विचारलं, झोपताना काय खाते? मी म्हटलं, काही नाही. तर कार्टी म्हणते, ‘आजोबांची पेस्ट!’

सासरे : खाते कुठे? चव बघते. नवी पेस्ट घोटली की पहिलं बोट तिचंच. तिनं मान डोलावल्याशिवाय मी बरणी भरत नाही.

सून : आणि नाही डोलावली तर?

सासरे : तर... चमचाभर मध वाढवतो. त्याशिवाय पोरं तोंडात घेतात होय? आणि मध औषधी असतो, सूनबाई! लवंग, पुदिना, सगळं झाडपाल्याचं.

सून : औषधी असेल, पण दातांना ती साखरच. मी दात घासून तिला झोपवायचं, अन् तुम्ही मागून बोट चाटवायचं! रात्रभर ते दातांवर बसतं.

सासरे : दुधाचे दात, पडायचेच ते.

सून : पडायला अजून दोन-तीन वर्षं आहेत. तोवर ठणका तुम्ही सोसणार? काल गाल धरून रडत होती, पाहिलंत ना?

सासरे : ...पाहिलं. बरं बाई, मध काढून टाकतो.

सून : तरीही नाही. नुसत्या झाडपाल्यानं कीड थांबत नाही, बाबा. डॉक्टर म्हणाल्या, फ्लोराइडची पेस्ट, वाटाण्याएवढी, आणि शेजारी उभं राहून घासून देणारं मोठं माणूस. रागवा, अबोला धरा, मी ऐकायची नाही.

सासरे : लोक तोंडात शेण घालतील माझ्या!

सून : घालू देत. मी आहे तुमच्या बाजूला.

(दाराची बेल वाजते.)

सून : थांबा, मी सांगते बाईंना.

सासरे : नको. पेस्ट माझी, मीच सांगतो... या बाई. माफ करा, बरण्या देत नाही. पोरांच्या दातांना चांगली नाही ती.

बाई : असं काय म्हणता, आजोबा! तुम्ही दिलेली नमुन्याची बरणी चाटूनपुसून संपवली पोरांनी. इतकी आवडली!

सासरे : आमच्या छकुलीलाही फार आवडायची.