भाऊजींचा कंप्युटर आणि माझ्या टॉर्चचे सेल

आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, कॉलेजात दाखवायला एक छोटासा कंप्युटर बनवायला घेतला होता, त्याचं सांगते. आमच्या मोहाडी गावात लाईटचा भरवसा नाही, म्हणून त्यांनी माझ्या टॉर्चचे नवे सेल काढून त्याला लावले. माझी पोरगी नुकती रांगायला लागलेली आणि अंगणात विंचू निघायचे. टॉर्च नसला की माझा जीव थाऱ्यावर नसे. सेल तर दुपारीच संपले.

"काहून संपले, भाऊजी?"

"वहिनी, हा प्रोसेसर लई वीज खाते. दुसरा एक आहे. तो स्वस्त आहे, खाते बी कमी, पण हळू आहे."

"हा बेरीज किती वेळात करते?"

"पापणी लवायच्या आत."

"आन् तो हळूवाला?"

"तोही पापणी लवायच्या आतच."

"मंग ह्याचा जास्तीचा वेग पाहाले कोण येऊन राहिलं?"

भाऊजींनी गुपचूप स्वस्तवाला बसवला, नवे सेल टाकले. आठ दिवस मी रोज डोकावून पाहत होते, तो चालूच होता. नवव्या दिवशी भाऊजी ओरडले, "वहिनी, हाही बंद पडला!"

"पडणारच," मी म्हटलं. "त्यातले सेल काढून मी टॉर्चमध्ये टाकले. अजून लख्ख पेटते. तुमचा प्रोसेसर पास झाला."