हिमालयात हे एकटेच होते म्हणे!

...एकटा म्हणे! उघडा, ह्यांच्या पुस्तकाचं पहिलं पान उघडा, पहिलंच वाक्य बघा, ‘मी एकटा निघालो.’ अहो, एकटे कुठले निघतायत, हावड्याला स्वतःचा डबा सापडत नव्हता ह्यांना! गाडीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत धावले, परत इकडे आले, गाडी हलायला लागली तरी हातात तिकीट धरून आभाळाकडे बघतायत! शेवटी मी दारात उभी राहून ओरडले, ‘अहो, इकडे! आपला डबा हा!’, आणि दंडाला धरून वर ओढलं. त्या ओढाताणीत माझी शंखाची बांगडी तडकली, आमच्या बंगालात केवढा अपशकुन मानतात त्याला, पण बोलले का मी काही? आणि पुस्तकात काय छापलंय? ‘गाडीनं मला अलगद आपल्या कुशीत ओढून घेतलं.’ गाडीनं! अलगद!

तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांचं पुस्तक म्हणजे काही साधंसुधं नाही हं. ‘ढगांच्या पल्याड मी एकटा’. नाव ऐकलंच असेल तुम्ही. नाही ऐकलं? मग तुम्ही कृष्णनगरचे नाहीच! अख्ख्या गावात असं घर नाही जिथे ते पुस्तक नाही. कॉलेजात जन्मभर इतिहास शिकवला ह्यांनी, पोरं मागच्या बाकावर झोपा काढायची, आणि निवृत्त झाल्यावर एक पुस्तक लिहिलं तर कोर्टातले वकील रडतायत हो ते वाचून! कलकत्त्याच्या पुस्तकमेळ्यात मी अनोळखी बाईसारखी स्टॉलसमोर उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, ‘अगं बाई, हेच ते का पुस्तक? सगळे वाचतायत ते?’ आजूबाजूच्या लोकांनी लगेच हात पुढे केले. अभिमान वाटतो मला, का वाटू नये? नवरा कुणाचा? म्हणून आधीच सांगून ठेवते, पुस्तकाला नावं ठेवायची नाहीत. तो हक्क फक्त माझा आहे, आणि तो मी पुरेपूर बजावते.

तर एकटा म्हणे! आता तुम्हीच सांगा, दुर्गापूजेच्या सुट्टीत हिमालयातल्या मध्यमहेश्वरला पायी जायचं, म्हणजे सामान कोण बांधणार? होल्डऑल, स्टोव्ह, मुरमुऱ्यांचा डबा, इसबगोल, पोटाच्या चार तऱ्हांसाठी चार तऱ्हांची औषधं, लोकरीचे मोजे, त्यावर घालायचे मोजे, आणि माकडटोपी! माकडटोपीशिवाय ह्यांना गच्चीवर वाऱ्यात उभं राहायची सोय नाही. ऋतू बदलला की घसा बसतो, घसा बसला की ताप येतो, ताप आला की मृत्युपत्राच्या गोष्टी करतात. तर ह्या माणसानं लिहिलंय, ‘हिमवाऱ्याला मी उघड्या कपाळानं सामोरा गेलो.’ उघड्या? अहो, नाकाचा शेंडा तेवढा उघडा होता, तोही मी मफलरनं झाकला, तर म्हणाले, श्वास घेऊ दे!

बरं, वाट कुणी दाखवली? ह्यांना गाईडबुक चालत नाही. ‘इंदू,’ अशी मान वर करून म्हणतात, ‘गाईडबुक प्रवाशांसाठी असतं. मी प्रवासी नव्हे, मी पथिक आहे.’ पथिक! रिक्षावाल्याला स्वतःच्या घराचा पत्ता नीट सांगता येत नाही पथिकाला. म्हणून मी काय केलं, आमच्याच गावच्या शिबेन हाजरांचं गाईडबुक घेतलं. तुम्हाला माहीत असेल, स्टेशनवर मिळतं, पिवळं, पातळ. त्यात चंद्र नाही, ढग नाहीत, पण कुठे पाणी उकळून प्यावं, कुठल्या धर्मशाळेत ढेकूण आहेत, संडास किती लांब, सगळं असतं. हे त्याला नाक मुरडतात. म्हणतात, ‘शिबेनच्या पुस्तकात शिखरं कमी आणि संडास जास्त.’ बरं मग? माणसाला सकाळी उठल्यावर आधी काय लागतं, शिखर लागतं? मी ते पुस्तक पंच्यात गुंडाळून मुरमुऱ्यांच्या डब्यात ठेवलं. वाटेला फाटा फुटला की मी मुरमुरे काढायच्या निमित्तानं डबा उघडायची, वाचायची, आणि म्हणायची, ‘अहो, मला वाटतं डावीकडे.’ हे डोळे मिटायचे. मग गंभीरपणे, ‘माझं अंतर्मनही तेच सांगतंय.’ पुस्तकात अंतर्मनावर अख्खं प्रकरण आहे, आणि ते प्रकरण वाचून दिल्लीच्या एका साधूनं ह्यांना पत्र धाडलं!

आणि गौंडारची खिचडी! गौंडार म्हणजे डोंगरातलं अगदी इवलंसं गाव. पाऊस लागला, धर्मशाळेत पोचलो तर हे ओले, मी ओली, स्टोव्ह ओला. कशीबशी मी तो पेटवला, डाळतांदूळ टाकले, बटाट्याच्या काचऱ्या तळल्या, वर चमचाभर तूप, घरून नेलेलं. हे खाली मुंडी घालून तीनदा वाढून जेवले. आता पुस्तकात ऐका, पाठ आहे मला, ‘त्या निर्जनात, कुठूनशी, गरम खिचडीची एक थाळी माझ्यासमोर आली.’ कुठूनशी! आभाळातून पडली? चौखंबा शिखरावरून घरंगळत आली? मी म्हटलं, ‘अहो, निदान खिचडीला तरी आई-बाप द्या!’ तर म्हणाले, ‘इंदू, तू आलीस की एकांताला तडा जातो.’ मी आले की तडा जातो! ह्यांच्या एकांताची भांडी कोण घासत होतं?

पण ह्या सगळ्यावर कडी ऐका. एका वळणावर हे ओळी जुळवत जुळवत चाललेत, पायाखाली लक्ष नाही, आणि पुढे कडा! सरळ खाली दरी! मी मागून अशी किंचाळले, ‘थांबा! जीव द्यायचाय का? थांबा म्हणते ना!’ की हे जागच्या जागी खिळले. वाचले. आणि पुस्तकात? पुस्तकात ते सगळ्यात गाजलेलं पान आहे. ‘तेव्हा साक्षात हिमालयानं मला हाक मारली – थांब.’ हिमालयानं! मी वाचलं, पुस्तक मिटलं, आणि दोन दिवस बोलले नाही. हिमालयानं हाक मारली ना, मग त्यालाच सांगा चहा ठेवायला!

म्हणून मी हट्टच धरला. दुसरी आवृत्ती निघणार होती. म्हटलं, मला काही नको, फोटो नको, प्रकरण नको, एक ओळ लिहा. ‘बरोबर पत्नी होती.’ संपलं! उद्या आपण दोघं नसू, नातवंडं पुस्तक उघडतील, त्यांना कळायला नको आजी कुठे कुठे चढली होती? गुडघे माझेही दुखले होते हो. ते शिखर मीही बघितलं होतं, पहाटेचं, गुलाबी, आणि मलाही रडू आलं होतं, फक्त मला लिहिता येत नाही. तर हे म्हणाले, ‘बघू.’ चाळीस वर्षं संसार केलाय, ‘बघू’चा अर्थ मला कुणी सांगायला नको.

आणि मग तो सत्कार आला. गावच्या लायब्ररीनं ठेवलेला. हॉल गच्च! कलकत्त्याहून प्रकाशक पालितबाबू आलेले, समोरच्या घोषालबाई नवी जामदानी नेसून पहिल्या रांगेत, आणि हे व्यासपीठावर, मी इस्त्री केलेलं धोतर, मी घडी घातलेली शाल. काय रुबाबदार दिसत होते सांगू! एका कॉलेजातल्या मुलीनं उठून विचारलं, ‘सर, हिमालयाचा आवाज कसा होता हो?’ ह्यांनी नेमकं माझ्याकडे बघितलं. घसा खाकरला. म्हणाले, ‘थोडा... चिडका.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या! म्हणे, काय सखोल उत्तर!

पण मग भाषणात ह्यांची जीभ घसरली. सगळं छान चाललं होतं, तर मध्येच ते शिखरं आणि संडासवालं बोलून गेले. हॉल हसला. आणि मागच्या रांगेतून कोण उठलं? शिबेन हाजरा! बारीक माणूस, खाकी पिशवी, जन्मभर डोंगरातल्या धर्मशाळा हिंडून लोकांची सोय बघितली, सत्काराला कधी कुणी बोलावलं नाही. तोंडात पान, आवाज एकदम शांत, ह्यांना म्हणाले, ‘सान्यालमशाय, एक विचारू? तुम्ही एकटे होता, तर त्या साली गौंडारच्या धर्मशाळेत मला खिचडी कुणी वाढली हो? लाल काठाची शाल होती, माकडटोपी घाला म्हणून तुम्हाला दरडावत होत्या. मी ढेकणांची पाहणी करायला गेलो होतो, चांगलं आठवतंय मला.’ आणि मान वळवून थेट माझ्याकडे, वहिनीला हाक मारावी तसं, ‘बौदी, तुम्हीच होतात ना?’

अहो, काय सांगू! सगळ्या माना माझ्याकडे. घोषालबाई तर खुर्चीसकट वळल्या. आता बघा, हे मी मागितलं होतं ना? ह्याच्याचसाठी भांडत होते ना? प्रकाशक समोर, गाव समोर, साक्षीदार आपणहून उभा राहिलेला! ‘हो’ म्हणायचं, एवढंच. माझ्या ओठांवर आलं होतं, देवाशपथ आलं होतं!

आणि मी ह्यांच्याकडे बघितलं. चेहरा असा पांढरा पडलेला. जन्मभर मागच्या बाकाकडे बघून शिकवणारा माणूस, पहिल्यांदा अख्खा हॉल ऐकत होता हो त्यांचं... आणि त्या शिबेनबाबूनं माझ्या नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं? ह्यांना खोटं पाडायचं तर ते घरी, मी पाडीन! उठले, पदर सारखा केला, आणि म्हटलं, ‘मी? हिमालयात? अहो शिबेनबाबू, मला गच्चीवर गेलं तरी चक्कर येते! कधी शेजारच्या शांतिपूरच्या पुढे गेले नाही मी. हे गेले की मी आपली घरी बसून जप करते.’

हॉल असा हसला म्हणता! पालितबाबूंनी डोळे पुसले. शिबेनबाबूंनी पान गालात सारलं. मग हळूच हात जोडले, म्हणाले, ‘माझी चूक झाली असेल, बौदी. पण त्या कोण होत्या, त्यांना कुठे भेटलात तर सांगा, तशी खिचडी डोंगरात परत मिळाली नाही.’ आणि खाली बसले. वाईट वाटलं हो मला. भला माणूस आहे, पुस्तकही कामाचं आहे त्यांचं.

घरी यायला रिक्षात बसलो. वळणावर ह्यांनी एकदम माझा हात धरला. भर रस्त्यात! चाळीस वर्षांत पहिल्यांदा! म्हणाले, ‘इंदू, दुसऱ्या आवृत्तीत तू असशील. शब्द देतो.’ तुम्हाला सांगते, माझी छाती अशी फुगली, दुसऱ्या दिवशी सरपुरिया, आमच्या गावचा सायीचा पेढाच म्हणा, आणून मी अख्ख्या गल्लीत वाटला. लोक विचारतायत कसला, मी म्हणते, कळेल!

आली दुसरी आवृत्ती. मी हात धुऊन, देवापुढे ठेवून उघडली. आणि दिलाय हो शब्द, पाळलाय! पहिल्याच पानावर, अर्पणपत्रिकेत, एकटं माझं नाव, ठळक अक्षरांत, भोवती वेलबुट्टी. ‘माझी सहधर्मचारिणी इंदुलेखा हिला – जिला गच्चीवरही चक्कर येते, तरी जिनं उंबरठ्याबाहेर पाऊल न टाकता मला हिमालयात पाठवलं.’

आता काय बोलणार? छापलं गेलं. नातवंडं वाचतील, पणतवंडं वाचतील. घोषालबाई येऊन माझी समजूत घालून गेल्या, ‘बौदी, अशी भीती बरी नाही, निदान एकदा पुरीला तरी जाऊन या.’ मी म्हटलं, ‘बघू.’

यंदा पूजेला सिक्कीमला निघालोय. हो, दोघं! पण गल्लीची पोरं म्हणतायत, लेखकमहाशयांना वाजतगाजत निरोप द्यायचा. तेव्हा असं ठरलंय, हे पुढच्या दारानं, गळ्यात हार, शंखांच्या गजरात, एकटे... आणि मी मागच्या दारानं, होल्डऑल घेऊन.