सात्यांचं सत अन् माझं नाक

मी मूळचा उमरेडचा, कोष्ट्याचा. आजा मागावर, बाप मागावर, मीबी मागावर, मंग मागाचं काही खरं राह्यलं नाई म्हणून नागपुराले आलो अन् एका कॉलेजात रोजंदारीवर लागलो. घरी एक माग तेवढा ठेवला, सवय सुटत नाई न.

तिथं एक साहेब होते, ते शेडात तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, सात्या पिकवत, तुम्ही अळंबी म्हणता ते. सात्या खुडल्या का बुडखे अन् काळं तणीस उरे, दुसऱ्यानं उकिरड्यावर टाकलं असतं, पण हे त्याले स्पिरिटात भिजवत, गाळत, आटवत अन् सत काढत. म्हटलं, साहेब, हे काहून? तं म्हणे, तेलाले हवा लागली का ते खवटते, हे सत टाकलं तं नाई खवटत. मंग जवसाच्या तेलाच्या दोन बरण्या ठेवल्या उघड्या, एकीत सत, एकीत नाई. दोन महिन्यात चिठ्ठ्या तेलानं निघून गेल्या. साहेब गावाले निघाले तं म्हणे, बिघडलेली फेक, चांगली ठेव, सोमवारी मोठे साहेब पाहाले येतात, नाकानं ओळख, त्यात काय.

आता काय सांगू तुम्हाले, आमच्यात सुताले पेज चोपडतात, पाजण म्हणतात त्याले, त्यात जवसाचं तेल पडते. ते तेल घरात वर्षभर पडून राहते, अंथरुणाले तोच वास, भाकरीले तोच वास. मले तेलाचा वास म्हणजे तोच ठाऊक. एक बरणी हुंगली, बरोबर घरासारखी, म्हटलं हीच चांगली, तिथंच ठेवली. दुसरीले वासच नाई, म्हटलं गेलं हे तेल. पाजणाले होईल म्हणून घरी नेलं.

बायको भिवापूरची. लग्न होऊन आली तेव्हाच म्हणली होती, तुमच्या घरात उंदीर मेला काय. तिनं बरणी हुंगली, म्हणे हे तं घाण्याचं ताजं तेल हाय. मी म्हटलं, तुले काय समजते वं, साहेबानं फेकाले सांगितलं.

सोमवारी मोठ्या साहेबानं माझ्या बरणीत नाक घातलं अन् रुमालच काढला. म्हणे हे सात्यांचं काम बंद करा, शेडवरची माणसं उद्यापासून कमी. माणसं म्हणजे मी एकटाच. आमच्या साहेबाचं तोंड पाहावत नव्हतं. मी हात जोडले, म्हटलं दुसरी घरी हाय, अन् सायकल मारत घरी गेलो, तं बायको त्याच तेलात पुऱ्या तळून राहिली होती. चांगलं तेल सुताले कोण घालते, म्हणे. उरलेलं तेल घेतलं, ती मागं बसली, म्हणे तुम्ही बोलाल तं अजून घोळ कराल.

तिनं मोठ्या साहेबाच्या नाकापुढं बरणी धरली, वरून एक पुरी दिली. म्हणे, साहेब, माझा माणूस खवट तेलाले चांगलं समजते, त्यात सात्यांचा काय दोष? साहेबानं पुरी खाल्ली, अन् इतके हासले का चश्मा काढून डोळे पुसले.

काम वाचलं. पण आमच्या साहेबानं दुसऱ्याच दिवशी हुंगाले तिले ठेवलं. आज ती कायम हाय, मी अजून रोजंदारीवर, तिच्या बरण्या धुतो. राग आला होता, खोटं काहून बोलू. आता नाई येत. घर तिच्या पगारावर चालते, देव तिचं नाक शाबूत ठेवो.