सखूच्या ओसरीवर नाव कलंडली

नावेत संसार करणाऱ्या बाईने उन्हाळ्यात कुठे जावे, ते मला विचारा. पूर्णेचे पाणी आटले की आमची नाव रेतीत बसते आणि आम्ही दोघे जुन्या मैतरांच्या घरी हिंडतो. त्या साली कापसाला सोन्याचा भाव होता. अकोल्याच्या जुन्या शहरात माझ्या मैत्रिणीने, सखूने, आमच्या यांना धरलेच.

"भाऊजी, कापसाच्या वखारीत राखणदारी हाय. नाव इका अन् इथंच राहा."

हे चक्क होकाराने मान डोलवू लागले. न हलणाऱ्या घरात मला तर दुपारचा डोळाही लागत नव्हता.

तेवढ्यात वखारीचे पाचसहा गाडीवान आले अन् ओसरीच्या एकाच कडेला बसले. हे ताडकन ओरडले, "अर्धे तिकडं सरका! कलंडन ना!"

गाडीवान हसून लोटपोट. सखू म्हणाली, "भाऊजी, घर हाय हे!" मग तिने मला पाहिले. मी केव्हाच उठून समोरच्या कडेला बसले होते.

"काहून वं, तू बी?"

यांनी आमचे गाठोडे उचलले.

"अन् नोकरी?" सखू ओरडली.

मी म्हटले, "नाव इकली त आमी दोघं तुयं घरच वल्हवत बसू, बाई!"