कानातली विलायत

माजं माहेर होटगीचं. वडील रेल्वेत गँगमन, रुळावरचं काम, आन आई अक्कलकोटकडची, तिचं समदं कानडी, म्हंजे घरात आई कानडीत रागवायची आन वडील मराठीत समजूत काडायचे, आमी पोरं दोनीकडनं ऐकायचो. शाळेत पयल्या दिवशी मास्तर मला म्हणले हालू नको, आन कानडीत हालु म्हंजे दूध, मला वाटलं हे दूध नको म्हणतेत, मी म्हणले मी आणलंच न्हाय की, समदा वर्ग हसला. तवापासनं मी बोलायला जरा भेतेच. ऐकते जास्त. पण हात लई जलद, बारावीनंतर टायपिंगच्या परीक्षा दिल्या, दोनी भाषांच्या, आन लगीन करून सोलापुरात आले. मालक यंत्रमागावर व्हते. कावीळ झाली, आठ दिवसांत गेले. ल्येक चार वर्षांची व्हती तवा. काय सांगू तुमाला, रडायला बी सवड न्हवती, दीर म्हणले एक हापीस हाय, टायपिंगच्या बाया पायजेत, जा.

तर त्या हापिसात काम कसलं, गोऱ्यांच्या देशातले डॉक्टर पेशंट तपासला की यंत्रात बोलून ठेवायचे, हा मानूस आला, ह्याला हे दुकतंय, मी हे औषद दिलं. ती फाईल आमच्याकडं यायची. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल, दाबलं की आवाज चालू, मागं दाबलं की परत तेच, आन आमी ते पत्रासारखं टाईप करायचं. मंग ते पत्र त्या पेशंटच्या नेहमीच्या डॉक्टरला जायचं. मी टाईप केलेलं दुसरी बाई ऐकून तपासायची आन तिच्या नावाची अक्षरं खाली पडायची. पयली तीन वर्षं समदं अमेरिकेचं काम. नाकात बोलतेत, पण सरळ बोलतेत. मला ते जमलं, माजा नंबर वरचा असायचा.

मंग एक दिवस आमच्या हापिसाचे साहेब म्हणले, आता इंग्लंडच्या फायली येणार. आमी म्हणलो इंग्रजीच की, त्येंचीच भाषा, त्येंच्याकडनंच अमेरिकेत गेली. कशाचं काय. पयल्याच फायलीत डॉक्टर म्हणला, बाईला सोमवारी सर्जरीत बगितलं. मी घातलं, सोमवारी ऑपरेशन झालं. परवीननं तपासताना धरलं. ही परवीन माजी तपासणारी, माज्याहून सात-आट वर्षांनी मोठी, तिचा भाऊ तिकडं कुटंतरी हाटेलात कामाला व्हता, त्येच्याकडनं तिला म्हाईत व्हतं. म्हणली, अगे, उनके यहाँ सर्जरी म्हंजे डॉक्टर का दवाखाना, बाई नुसती जाके आई, तू उसका पेट फाडी. आमी दोघी तोंडाला पदर लावून हसलो.

परवीननं एक वही केली व्हती. तिकडची म्हातारी म्हणती मी आज नॉट टू क्लेव्हर, मला वाटायचं बिचारी स्वताला बेअक्कल म्हणतीया, तर तसं न्हाय, तब्येत बरी न्हाय असं म्हणतीया ती. पुअरली म्हणलं की मला गरिबी दिसायची, तर तो बी आजारच. एक म्हातारा टीला मासे खातो, आता चहात मासे कोन बुडवतंय, तर टी म्हंजे सांजच्याला जेवण. नॅकर्ड म्हंजे पार थकलेला, आपल्यासारका. आन अमेरिकेत विचारलं तर ह्यातलं निम्मं त्येंनाच कळायचं न्हाय. डॉक्टर तिकडं पेशंटचे शब्द जसेच्या तसे बोलायचा, म्हणून ह्ये समदं माज्या कानात यायचं. म्हाताऱ्या माणसांची लई दया यायची मला. मरणाचं दुकत असलं तरी म्हणतेत, जरासं दुकतंय, तुमाला तरास नको. आमच्या होटगीच्या म्हाताऱ्या तर सुई टोचली तर आळी गोळा करतेत.

आता मेन गोष्ट सांगते. ती सांगायलाच बसले व्हते, पण इकडं-तिकडं फिरायले.

एका सकाळी फाईल आली. मानूस जिन्यावरनं पडलेला, डोक्याला मार. डॉक्टर म्हणतोय, बायको सांगती की तो घरी पिस्ड आला आन वरनं खाली आला. आता अमेरिकेत पिस्ड म्हंजे तापलेला, रागानं. मी तीन वर्षं त्येच ऐकलेलं. आन आमाला नियम व्हता, असले वंगाळ शब्द पत्रात घालायचे न्हाईत, चांगल्या शब्दात लिवायचं. मी लिवलं, तो घरी रागात आला आन जिन्यावरनं पडला. कळलं न्हाय तर जागा मोकळी सोडायची मुभा व्हती आमाला. मी सोडली न्हाय, कारन मला कळलं न्हाय असं मला वाटलंच न्हाय. आळस न्हवता तो, खरं सांगते. मला पक्कं ठाऊक व्हतं.

इंग्लंडात पिस्ड म्हंजे दारू पिऊन टर्र झालेला.

दोन म्हैन्यांनी साहेबानं समद्यांना उभं केलं आन तक्रारीचं पत्र वाचलं. त्या माणसाच्या बायकोची तक्रार. दारूचं नावच पत्रात न्हाय, नुसता राग, मंग तिकडच्या लोकांनी तिला विचारायला सुरवात केली, भांडण झालं व्हतं का, तू कुटं उभी व्हतीस, तुजा हात लागला का. दारात मानसं येऊन चौकश्या करून गेली. शेजारनी बघायच्या. नवरा दवाखान्यात आन हिच्यावर संशय. तिनं म्हणलं मी डॉक्टरला एकच शब्द सांगितला व्हता, तो कुटं गेला. मंग त्येंनी मूळ आवाज काडून ऐकला तवा खरं कळलं.

ती फाईल माजीच, मी वळखली. साहेबाच्या हातातल्या कागदावर खाली अक्षरं परवीनची. त्येनं तिला आत घेतलं. काचेची भिंत व्हती, दिसायचं, ऐकू यायचं न्हाय. समद्या बाया आपापल्या जागी गेल्या, मी बी गेले, हेडफोन घातला, फाईल लावलीच न्हाय. नुसती बसले. उटून आत जाऊन म्हणायचं व्हतं, साहेब, टाईप मी केलंय. चार पावलांवर दार व्हतं. ल्येकीच्या शाळेचं डोक्यात आलं, दीर डोक्यात आले, आन मी बसूनच राहिले. परवीन भाईर आली, डबा उचलला, वही माज्या टेबलावर ठेवली आन गेली. माज्याकडं बगितलं बी न्हाय, का बगितलं आन मीच मान खाली घातली, आता आठवत न्हाय.

आट दिवसांनी तिच्या घरी गेले. ती भिंडी चिरत व्हती. मी म्हणले, परवीनबाजी, चूक माजी. ती म्हणली, मालूम हाय. मी म्हणले, मंग सांगितलं का न्हाय? ती म्हणली, साब पूछे टाईप कौन करी, मैं बोली टाईप का क्या, देखने का काम मेरा. मैं वो फाईल सुनीच नै महानंदा. तेरी थी बोलके सुनीच नै. तू चुकती नै ना, सही मार दी. एवडं बोलली आन परत भिंडी चिराय लागली. जाताना म्हणली, रो मत, तेरी लड़की छोटी है.

त्येच्यानंतर दुसऱ्या दिवशी मी साहेबाकडं गेले आन समदं सांगितलं. गेले, पण नऊ दिवस उशिरा गेले. साहेब कायबी रागावले न्हाईत. म्हणले, बाई, तिकडं कळवून झालंय, जिनं तपासलं तिला काडलं, मामला मिटला. आता परत दुसरं नाव कळवलं तर म्हणतील ह्येंचं काय खरं न्हाय, समदं काम जाईल, चाळीस बाया घरी बसतील. जावा, काम करा. मी गेले, काम केलं. काय करू?

परवीनला परत टायपिंगचं काम लागलं न्हाय, कुटं बी गेली की पयल्या हापिसाचं पत्र आना म्हणायचे. ती युनिफॉर्मच्या कारखान्यात गेली, शाळेच्या शर्टांच्या कॉलरी शिवायला. अजून तितंच हाय. ईदला मी जाते, संक्रांतीला ती येती. त्या दिवसाचं परत कवा निगालं न्हाय आमच्यात. निगालं असतं तर बरं झालं असतं.

ल्येक शिकली, पुण्यात नोकरीला हाय, ती म्हणती आई आता बास कर. हापीस बंद पडून लई दिवस झाले, घरूनच करते. आता ऐकून टाईप यंत्रच करतं, मी नुसतं वाचायचं आन चुकलेलं दुरुस्त करायचं. उजव्या कानात सारका आवाज असतो, रातकिडा बसल्यागत. डॉक्टर म्हणले वयानं न्हाय, हेडफोननं. पण एक सांगते, मी अजून हरेक फाईल पयल्यापासनं शेवटपर्यंत ऐकते. यंत्रानं बरोबर लिवलेलं असलं तरी ऐकते. त्येचे कोन जादा देत न्हाय.

ती तिकडची बाई, तिचं नाव मला म्हाईत हाय पण भाईर सांगायचं न्हाय, हापिसात तशी सही दिलेली हाय. जिती असल तर सुखात असू दे तिला. तिला कुटं ठाऊक, सोलापुरात कोन तिची आठवण काडतंय.

आन तुमी लिवताय तर एवडं नीट लिवा, म्हंजे कुटंतरी लिवलेलं राहील. चूक माजी व्हती. परवीनची न्हवती. लिवलं? वाचून दाखवा बरं एकदा. हितनं न्हाय, ह्या बाजूनं वाचा, त्या कानानं नीट ऐकू येत न्हाय.